वापरून संपलेली चिपची फोनकार्डं संगणकाची किल्ली म्हणून वापरता येतील का?

हिशेब_सदाशिव यांचा प्रश्न

नमस्कार. सदाशिव पेठेतल्या हिशेबनिसांच्या छोट्या ऑफिसात सहा संगणक आहेत. चारांवर उबुंटू लिनक्स, दोनांवर विंडोज १०. माणसं चहाला उठतात तेव्हा पडदा उघडाच राहतो आणि पक्षकारांचे आकडे कुणालाही दिसतात. पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवायची सवय मोडत नाही. तेव्हा असं हवं आहे: कार्ड खाचेत घातलं की संगणक उघडावा, उपसलं की लगेच बंद व्हावा.

हाताशी दोन प्रकारची कार्डं आहेत. एका संग्राहकाकडून आलेली संपलेली टेलिफोन कार्डं, बहुतेक जर्मन, काही फ्रेंच, सगळ्यांवर सोनेरी चिप. आणि बंद पडलेली सिमकार्डं.

विचारायचं ते असं. या कार्डांत वापरण्याजोगं काय उरलेलं असतं? ती वाचायला काय लागतं? कार्डाची नक्कल होऊ शकते का? आणि कार्ड हरवलं तर ऑफिस अडकून पडणार नाही ना? यंत्रणा उभी करायला सोल्डरिंग येणारा मुलगा आहे, त्यामुळे तपशील नेमका दिलात तरी चालेल, किंबहुना तसाच हवा.

---

पाच_व्होल्ट

ताई, आधी टेलिफोन कार्डांचं बोलू. सिमचं गणित अगदी वेगळं आहे, ते कुणीतरी सविस्तर लिहीलच.

आपल्याकडे पीसीओवर मीटर बघून रोख पैसे द्यायची पद्धत होती, म्हणून अशी कार्डं पुण्यात सापडतात ती बहुधा परदेशातून आलेली. जर्मनीत तर सार्वजनिक फोनवरची कार्डाची सोय जानेवारी २०२३ च्या अखेरीस बंदच झाली. फोनसाठी आता ती कार्डं कुणाच्या उपयोगाची नाहीत.

जर्मन कार्डात बहुतेक वेळा सीमेन्सची एसएलई ४४०६ जातीची चिप असते. हा संगणक नव्हे, नुसती स्मृती आहे. एकूण १०४ बिट. पहिले ६४ ओळखीचे: त्यात चिपचा संकेत, कार्ड काढणाऱ्याची माहिती आणि अनुक्रमांक येतात. पुढचे ४० बिट म्हणजे पैशांचा मोजणारा भाग, आठ-आठ बिटांच्या पाच पायऱ्या. कार्ड वापरलं जातं तसे इथले १ जाऊन ० होतात. शिल्लक वाढेल अशा दिशेनं हा भाग परत फिरवता येत नाही, चिपची रचनाच तशी आहे. ओळखीचा भाग कारखान्यातून बाहेर पडतानाच कायमचा बंद केलेला असतो. थोडक्यात, या कार्डावर तुम्हाला नवं काही लिहिता येणार नाही. वाचता मात्र सगळं येतं, आणि किल्लीसाठी आपल्याला तेच पुरतं.

सुटे भाग प्रत्येक संगणकामागे असे: ५ व्होल्टचा अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) एक, आठ टोकांची स्मार्टकार्डाची खाच एक, १० किलोओहमचा रेझिस्टर एक, २२० ओहमचे तीन, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर एक (वर १०४ छापलेलं असतं), झिरो पीसीबीचा तुकडा, बर्ग स्ट्रिप. ३.३ व्होल्टचे बोर्ड घेऊ नका. ही जुनी चिप ४.५ ते ५.५ व्होल्टवर चालते. खाली गेलात तर कधी वाचेल, कधी नाही, आणि दोष शोधण्यात वेळ जाईल.

चिपची टोकं ओळखायची पद्धत: कार्ड चिपची बाजू वर करून, चिप डावीकडे येईल असं धरा. डाव्या रांगेत वरून खाली सी१ ते सी४, उजव्या रांगेत सी५ ते सी८. सी१ ला वीज, सी२ ला रीसेट, सी३ ला क्लॉक, सी५ ला ग्राउंड, सी७ ला डेटा. बाकीची टोकं मोकळी सोडा.

नॅनोवर डी५ मधून सी१, डी२ मधून सी२, डी३ मधून सी३, डी४ वर सी७. रीसेट, क्लॉक आणि डेटाच्या तारेत प्रत्येकी २२० ओहम. डेटाची ओळ चिप फक्त खाली ओढू शकते, वर नेऊ शकत नाही, म्हणून सी७ आणि सी१ च्या मध्ये १० किलोओहम लावायचा. तो बोर्डाच्या कायम चालू असलेल्या ५ व्होल्टला जोडू नका. तसं केलं तर चिपची वीज बंद असतानाही डेटाच्या टोकातून तिच्यात थोडी वीज शिरत राहते, चिप धड बंद होत नाही आणि पुढचं वाचन चुकतं. कपॅसिटर सी१ आणि सी५ च्या मध्ये, खाचेला अगदी चिकटून.

वीज थेट डी५ मधून देता येते, कारण ही चिप काही मिलीअँपिअरच खाते. आणि ती तशीच द्या. कार्ड आत सरकताना टोकं एकमेकांवरून घासत जातात. त्या क्षणी सी१ वर वीज असेल तर शॉर्ट होऊ शकतो. खाचेच्या मागच्या टोकाला कार्ड पूर्ण आत गेलं हे सांगणारा छोटा स्विच असतो. तो डी६ वर घ्या. स्विच दाबला गेल्यावर ५० मिलिसेकंद थांबा आणि मगच वीज द्या.

वाचण्याचा क्रम (खाली म्हणजे ० व्होल्ट, वर म्हणजे ५): सगळ्या ओळी खाली. डी५ वर. डेटाची ओळ इनपुट. मग रीसेट वर, क्लॉक एकदा वर-खाली, रीसेट खाली. इथे पहिला बिट डेटावर आलेलाच असतो, तो वाचून घ्या. पुढे प्रत्येक वेळी क्लॉक वर, क्लॉक खाली, मग वाचन. पहिल्या बिटाआधीच क्लॉक दिला तर सगळा आकडा एका घरानं सरकतो. ही चूक फार होते. क्लॉकचा प्रत्येक अर्धा भाग ५० मायक्रोसेकंदांचा ठेवा. घाई करून काही मिळत नाही, सगळं कार्ड तरीही डोळ्याचं पातं लवायच्या आत वाचून होतं. वाचून झालं की उलट क्रमानं सगळ्या ओळी खाली आणि शेवटी वीज बंद.

किल्लीसाठी फक्त पहिले ६४ बिट घ्या. ४० बिटांचा भाग त्यात मिसळू नका, कारण शिल्लक असलेल्या कार्डात तो बदलू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाच रिकामी असेल, कार्ड उलटं घातलं असेल किंवा टोकं मळलेली असतील, तर १० किलोओहमच्या रेझिस्टरमुळे सगळे बिट १ वाचले जातात. नोंदणी करताना असं वाचन जर खरं कार्ड समजून साठवलं गेलं, तर पुढे रिकामी खाचच किल्ली ठरते आणि संगणक कुणालाही उघडतो. म्हणून प्रोग्राममध्ये दोन अटी घालाच: लागोपाठ तीन वाचनं तंतोतंत सारखी आली पाहिजेत, आणि सगळे १ किंवा सगळे ० आले तर ते नाकारायचं. सगळे ० येत असतील तर डेटाची ओळ कुठेतरी ग्राउंडला चिकटलेली आहे, सोल्डर तपासा.

फ्रेंच कार्डं शक्यतो बाजूला ठेवा. त्यांतल्या जुन्या पिढीच्या चिपची टोकं वेगळ्या कामांना वाटलेली आहेत, तिला लिहिण्यासाठी २१ व्होल्टचं वेगळं टोक असायचं आणि ती वीजही जास्त खाते. शिवाय जुन्या फ्रेंच कार्डांत चिपच कार्डाच्या वरच्या कोपऱ्याकडे बसवलेली असते, त्यामुळे आजच्या खाचेत टोकं जुळतच नाहीत. जर्मन कार्डं पुरेशी असताना त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

---

तपकीर_गल्ली

खाचेबद्दल थोडं. नवी घेण्याआधी जुने डीटीएच सेट टॉप बॉक्स बघा. व्ह्यूइंग कार्ड घालायची खाच म्हणजे हीच खाच. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी बिघडलेले बॉक्स मिळतात. उघडून खाच गरम हवेनं किंवा डीसोल्डर पंपानं काढा. पक्कडीनं ओढू नका, प्लास्टिक वाकलं की कार्ड अडकतं. नॅनो, रेझिस्टर, झिरो पीसीबी वगैरे तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळून जाईल.

काढलेल्या खाचेचा स्विच दोन तऱ्हांचा असतो. काहींत कार्ड आत गेल्यावर जोडणी होते, काहींत तुटते. मल्टिमीटर आवाजाच्या सेटिंगवर ठेवून कार्ड आत-बाहेर करून बघा आणि मगच प्रोग्राम लिहा. आणि खाचेवरच्या टोकांचा क्रम अंदाजानं धरू नका. एखादं कार्ड घालून, चिपची कडा दिसत असेल तिथे बारीक पिन लावून, एकेक टोक मोजून घ्या.

कार्डाची टोकं साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर अजिबात नको. वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, तो गेला की खालचा निकेल उघडा पडतो आणि पावसाळ्यात पकड जाते.

---

मुळाकाठ

पाच_व्होल्ट यांनी वाचनाचं सगळं बरोबर लिहिलंय. पण "नक्कल होऊ शकते का" या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं: हो, अगदी सहज. जे ६४ बिट नॅनोनं वाचले ते दुसरा कुणीही नॅनोनं वाचू शकतो, आणि तिसरा नॅनो कार्डाच्या जागी बसून तेच बिट परत पाठवू शकतो. शिवाय एकाच मालिकेतल्या कार्डांत बहुतेक बिट सारखेच असतात. फरक पडतो तो अनुक्रमांकापुरता, आणि एक कार्ड हाती आलं तर शेजारच्या कार्डांचे क्रमांक अंदाजानं काढता येतात. म्हणून टेलिफोन कार्ड म्हणजे नाव झालं, गुपित नव्हे. नाव सांगितल्यावर दार उघडावं अशी रचना करू नये. कार्ड आणि सोबत छोटा पासवर्ड, दोन्ही मिळून दार उघडावं.

ऑफिसच्या गरजेपुरतं, म्हणजे उठताना पडदा बंद व्हावा आणि बसताना लांब पासवर्डाऐवजी कार्ड व छोटा पासवर्ड चालावा, एवढ्यासाठी टेलिफोन कार्ड योग्य आहे. डिस्कवरच्या माहितीला खरं कुलूप लावायचं असेल तर सिमकडे वळा.

सिमच्या आत खरा प्रोसेसर असतो आणि के-आय नावाची १२८ बिटांची गुप्त किल्ली असते. ती किल्ली कार्डातून वाचून काढायची आज्ञाच नाही. बाहेरून १६ बाइटचा कोणताही आकडा द्या, सिम त्या किल्लीनं हिशेब करून १२ बाइटचं उत्तर देतं: ४ बाइट ओळख पटवण्याचे आणि ८ बाइट संभाषण गुप्त ठेवण्याच्या किल्लीचे. कंपनीनं नंबर बंद केला की जाळ्याच्या बाजूची नोंद जाते, पण सिममधला हिशेब चालूच राहतो. म्हणून बंद सिमही या कामाला चालतं.

वाचायला साधा यूएसबी स्मार्टकार्ड रीडर. सीसीआयडी (अशा रीडरांचं ठरलेलं मानक) लिहिलेला घ्या, लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पीसीएससी-लाइट आणि पीसीएससी-टूल्स बसवून पीसीएससी-स्कॅन चालवा. सिम घातल्यावर एटीआर, म्हणजे कार्डाचं पहिलं उत्तर, म्हणून बाइटांची ओळ दिसली पाहिजे. याच रीडरमध्ये टेलिफोन कार्ड घातलंत तर "कार्ड प्रतिसाद देत नाही" असं येईल. कार्ड खराब नाही, त्या जातीची चिप एटीआर पाठवतच नाही. काही रीडर स्मृतिकार्डंही वाचतात, पण त्यांच्या माहितीपत्रकात एसएलई ४४०६ किंवा ४४३६ असं नाव छापलेलं असेल तरच ते गृहीत धरा.

आज्ञांचा क्रम हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आकडेपद्धतीत, असा. आधी ए०-ए४-००-००-०२ आणि पुढे ७एफ-२०, म्हणजे जीएसएमच्या फोल्डरमध्ये जाणं. पिन चालू असेल तर ए०-२०-००-०१-०८ आणि पुढे पिनचे आकडे आस्कीमध्ये, उरलेल्या जागी एफएफ भरून आठ बाइट पूर्ण करायचे. मग ए०-८८-००-००-१० आणि पुढे तुमचा १६ बाइटचा आकडा. उत्तरात ९एफ-०सी आलं की ए०-सी०-००-००-०सी पाठवून १२ बाइट घ्या. त्याऐवजी ९८-०४ आलं तर पिन दिलेला नाही किंवा चुकला आहे. ९८-४० म्हणजे पिन अडकला.

पिनचे प्रयत्न तीनच असतात, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं डोक्यात पक्कं ठेवावं. चुकीचा पिन फिरून फिरून पाठवणारा प्रोग्राम एका झटक्यात सिम अडकवून टाकतो. चुकला की लगेच थांबा आणि माणसाला विचारा. अडकलेलं सिम सोडवायला पीयूके लागतो, तो सिमच्या मूळ चौकटीवर छापलेला असतो. चौकट फेकली गेली असेल तर आधीपासून पिन माहीत असलेलंच सिम निवडा.

डिस्कसाठी रचना अशी करा. १६ बाइटचे दोन यादृच्छिक आकडे तयार करून साध्या फाइलमध्ये उघडे ठेवा, ते गुप्त नसले तरी चालतं. दोन्ही सिमला विचारा, २४ बाइट मिळतील. त्यांना वापरणाऱ्याचा पासवर्ड जोडून एसएचए-२५६ (उलटा न फिरवता येणारा ठरावीक लांबीचा आकडा, म्हणजे हॅश) काढा आणि ते लक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-कुलपाच्या, एका खणात किल्ली म्हणून घाला. एकच आकडा न घेता दोन घ्या म्हणतो कारण कॉम्प१२८ या सिममधल्या हिशेबाच्या रीतीच्या जुन्या आवृत्त्यांत ८ बाइटच्या भागातले १० बिट नेहमी शून्य असतात. दोन उत्तरांत पुरेसा ऐवज मिळतो.

कॉम्प१२८ च्या पहिल्या आवृत्तीची कमजोरी १९९८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवली होती. सुमारे दीड लाख प्रश्न विचारून के-आय काढता येते. त्यासाठी चोराकडे सिम कित्येक तास असावं लागतं आणि पिन माहीत असावा लागतो. म्हणून पिन चालू ठेवाच. जुन्या फोनमध्ये सिम घालून सेटिंगमधून तो आधी चालू करून घ्या.

दोन गोष्टी मात्र किल्ली म्हणून कधीही वापरू नका. एक आयसीसीआयडी, म्हणजे ८९९१ नं सुरू होणारा क्रमांक, कारण तो सिमच्या पाठीवर छापलेलाच असतो. दुसरा आयएमएसआय, म्हणजे मोबाईल जाळ्याला ग्राहक ओळखू येणारा क्रमांक, कारण तो प्रत्येक फोन वाचतो. कोणतं सिम कुणाचं ही नोंद ठेवायला आयसीसीआयडी चांगला. वाचताना प्रत्येक बाइटमधले दोन आकडे उलटे येतात, ८९९१ च्या जागी ९८१९ दिसलं तर गोंधळू नका.

आणि चालू नंबरचं सिम या कामाला घेऊ नका. दुसऱ्याच्या नावावरचंही नको. जुन्या सिममध्ये नाव-नंबर आणि संदेश उरलेले असतात, ते फोनमध्ये घालून पुसून टाका.

---

हिशेब_सदाशिव

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र स्पष्ट झालं. पडदा बंद-उघड करायला टेलिफोन कार्ड, आणि ज्या एका संगणकावर सगळ्या पक्षकारांची विवरणपत्रं आहेत त्याच्या डिस्कला सिम, असं ठरवतो आहोत.

तीन शंका. काही सिम ए०-८८ या आज्ञेला उत्तरच देत नाहीत, ६ई-०० येतं. असं का? दुसरं, उबुंटूवर नॅनोचा पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. तिसरं, विंडोजच्या दोन संगणकांचं काय करायचं?

---

मुळाकाठ

६ई-०० चा अर्थ आज्ञेचा पहिला बाइट, म्हणजे ए०, त्या कार्डाला मान्य नाही. अशी सिमं नव्या पिढीची असतात, त्यांना ०० नं सुरू होणाऱ्या आज्ञा लागतात. आधी यूसिमचं, म्हणजे नव्या पिढीच्या सिमचं, ॲप्लिकेशन निवडायचं, पिन द्यायचा, मग ००-८८-००-८०-११ आणि पुढे १० व तुमचे १६ बाइट. इथला ८० म्हणजे जुन्या जीएसएम पद्धतीचं उत्तर दे. काही कार्डांत ही सोय कंपनीनं बंद ठेवलेली असते. मग उरते ती ८१ ची पद्धत, आणि ती आपल्या कामाची नाही: तिथे सिम आधी समोरच्या जाळ्याची ओळख तपासतं, त्यासाठीची खूण के-आय माहीत असल्याशिवाय बनवता येत नाही. असं सिम बाजूला ठेवा आणि दुसरं घ्या.

नॅनो आकाराचं सिम असेल तर आणखी एक अडचण. त्याची जाडी ०.६७ मिलिमीटर, पूर्ण कार्डाची ०.७६. अडॅप्टरच्या चौकटीत ते थोडं खाली बसतं आणि रीडरची टोकं नीट टेकत नाहीत. चिपच्या मागच्या बाजूनं पातळ चिकटपट्टीचा एक थर लावा. पट्टी कडेला सुटी राहिली तर सिम रीडरमध्येच अडकून बसतं, तेव्हा कडा नीट कापा. जुनं, चौकटीतून न काढलेलं पूर्ण आकाराचं सिम मिळालं तर तेच सर्वांत उत्तम.

लक्सबद्दल: सिस्टिमची मूळ डिस्क सिमवर टाकू नका. संगणक सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यात रीडरची सेवा चालू नसते, ती तिथे घुसवणं किचकट आहे आणि एखाद्या अपडेटनंतर मोडतं. विवरणपत्रांसाठी वेगळं विभाजन करा आणि लॉगिन झाल्यावर ते उघडा.

---

पाच_व्होल्ट

पोर्ट गायब होतो त्याचं कारण बीआरएल-टीटीवाय. स्वस्त नॅनोवर सीएच३४० ही यूएसबीची चिप असते, आणि उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीचा हा प्रोग्राम तिला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेतो. ऑफिसात कुणी ब्रेल पट्टी वापरत नसेल तर बीआरएल-टीटीवाय काढून टाका. वापरत असेल तर त्याच्या यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांतली १ए८६:७५२३ ची ओळ तेवढी बंद करा. पोर्ट दिसायला लागला पण "परवानगी नाही" आलं, तर वापरणाऱ्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

त्यानंतर आणखी एक गोष्ट भेटेल. संगणकावरच्या प्रोग्रामनं पोर्ट उघडला की नॅनो स्वतःहून रीसेट होतो आणि पहिले एक-दोन सेकंद काही बोलत नाही. कार्ड घातलं तरी लॉगिन नाकारलं जातं ते यामुळे. नॅनोचा प्रोग्राम चढवून झाल्यावर रीसेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटला. नवा प्रोग्राम चढवायचा असेल तेव्हा तो काढावा लागतो, म्हणून बर्ग स्ट्रिपवर बसवा.

लॉगिनची जोडणी पॅमच्या, म्हणजे लिनक्समध्ये लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या, पॅम-एक्झेक या भागातून करा. तुमची स्क्रिप्ट नॅनोकडून ६४ बिट घेईल, त्यात त्या संगणकाचा स्वतःचा यादृच्छिक मीठ-आकडा मिसळून एसएचए-२५६ काढेल आणि साठवलेल्या नोंदीशी ताडून पाहील. जुळलं तर ०, नाही तर १. ओळीत "रिक्वायर्ड" लिहा, म्हणजे कार्डानंतर पासवर्डही विचारला जाईल. "सफिशियंट" लिहिलंत तर नुसतं कार्ड पुरेल, आणि वर मुळाकाठ यांनी सांगितलेला नकलेचा धोका तसाच उरेल. स्क्रिप्ट आणि नोंदीची फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, मालकीची असावी, इतरांना वाचताही येऊ नये.

पहिला प्रयोग सुडोच्या (रूटच्या हक्कानं आज्ञा चालवणाऱ्या सोयीच्या) फाइलवर करा, मुख्य लॉगिनवर नव्हे. दुसऱ्या खिडकीत रूटचं टर्मिनल उघडं ठेवा आणि सगळं दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय ते बंद करू नका. पॅमच्या फाइलमध्ये एक शब्द चुकला तर कुणालाच आत येता येत नाही. काही डेस्कटॉपांचा पडदा-कुलूप साध्या वापरकर्त्याच्या हक्कानं चालतो, तिथे स्क्रिप्टला नोंदीची फाइल वाचता येणार नाही. अशा वेळी फाइलची परवानगी सैल करू नका, रूटनं चालणारी छोटी सेवा ठेवा आणि तिला विचारा.

कार्ड उपसल्यावर बंद करणं सोपं. खाचेचा स्विच सुटला की नॅनो एक अक्षर पाठवतो, पार्श्वभूमीतली सेवा ते ऐकून लॉगिन-सीटीएलची लॉक-सेशन्स ही आज्ञा देते. नॅनोची यूएसबी तारच कुणी काढली तर? पोर्ट तुटला तरी कुलूप लागलं पाहिजे, हे त्या सेवेत लिहायला विसरू नका.

---

कळपट्टी

विंडोजचं सांगतो. तिथे पॅमसारखी सोपी जागा नाही. लॉगिनच्या पडद्यावर स्वतःचा भाग बसवायचा तर क्रेडेन्शियल प्रोव्हायडर लिहावा लागतो, आणि ते काम दोन संगणकांसाठी करण्याजोगं नाही. त्याऐवजी नॅनोच्या जागी प्रो मायक्रो घ्या, ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झचा. त्यावरची एटीमेगा ३२यू४ चिप संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसते. कार्ड वाचल्यावर तिनं पासवर्डचा लांब भाग टाइप करायचा, पुढची सहा-आठ अक्षरं माणसानं स्वतः टाइप करून एंटर दाबायचा. एंटर बोर्डाकडून पाठवू नका. लांब भाग कार्डाचे बिट आणि बोर्डात ठेवलेला गुप्त आकडा यांच्या हॅशमधून काढा, म्हणजे नुसत्या कार्डाची नक्कल करून काही साधत नाही. कार्ड काढल्यावर बोर्डानं विंडोजची कळ आणि एल एकत्र पाठवली की पडदा बंद.

यातली खरी अडचण मराठी कीबोर्डाची आहे. बोर्ड अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तो क्रमांक पाठवतो. त्या क्षणी मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर इंग्रजी पासवर्डाच्या जागी देवनागरी अक्षरं पडतात. पासवर्डाच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय चुकलं ते कळतही नाही. लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजी हीच मूळ भाषा ठेवा आणि लांब भागात फक्त आकडे वापरा, ३० आकडे पुरेत. मात्र आकडेही अंकांच्या उजव्या खणातल्या कळांचे पाठवू नका, नमलॉक बंद असला की ते जातात. वरच्या रांगेतले पाठवा.

कार्ड चुकून भलत्याच वेळी घातलं, तर तो लांब भाग समोर उघड्या असलेल्या चिठ्ठीत किंवा ईमेलमध्ये टाइप होईल. त्यावर उपाय म्हणून बोर्डावर एक बटण लावा. कार्ड आत आणि बटण दाबलेलं, तेव्हाच टाइप करायचं.

---

मुळाकाठ

हरवण्याचा प्रश्न राहिला. प्रत्येक माणसामागे दोन कार्डं नोंदवा, दुसरं पाकिटात बंद करून ऑफिसच्या तिजोरीत. सिमची जोडी करता येत नाही, प्रत्येक सिमची के-आय वेगळी, म्हणून दुसऱ्या सिमसाठी लक्सचा दुसरा खण वापरा. लक्स २ मध्ये ३२ खण असतात, जागेची टंचाई नाही. तिसऱ्या खणात सिमशिवाय चालणारा लांब पासवर्ड घाला, तो कागदावर लिहून त्याच तिजोरीत ठेवा. लक्सच्या हेडरची, म्हणजे हे खण असलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रतही काढून ठेवा, पण ती पेनड्राइव्हवर त्याच संगणकाजवळ नको: हरवलेल्या सिमचा खण तुम्ही पुसलात तरी जुन्या प्रतीत तो जिवंत असतो. म्हणून खण पुसला की जुनी प्रत नष्ट करून नवी काढायची.

कोणी नोकरी सोडली तर फक्त कार्ड परत घेऊन भागत नाही. टेलिफोन कार्डाचे बिट आधीच वाचून ठेवलेले असू शकतात, तेव्हा नोंदच काढून टाका आणि त्या माणसाला दिलेलं कार्ड पुन्हा कुणाला देऊ नका. कार्डावर माणसाचं किंवा ऑफिसचं नाव लिहू नका, छोटा क्रमांक पुरेसा आहे. कोणता क्रमांक कुणाचा ही वही तिजोरीत.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. काही सिममध्ये एकूण किती वेळा हिशेब करायचा याची कमाल संख्या घातलेली असते, ती संपली की सिम कायमचं गप्प होतं. डिस्क दिवसातून एक-दोनदा उघडण्यानं तिथवर पोचायला फार काळ लागेल. पण दर दोन सेकंदांनी सिम जागेवर आहे का हे याच आज्ञेनं तपासणारा प्रोग्राम लिहिलात, तर ते लवकर मरेल. सिम जागेवर आहे की नाही ते रीडरच्या स्थितीवरून कळतं, त्यासाठी सिमला काही विचारावं लागत नाही.